उभा ट्रेलर बाहेर काढताना

ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं छोटं घर, रस्त्यावर धावून जितका झिजतो, त्याहून जास्त तो नुसता उभा राहून बिघडतो. नवख्यांना हे पटत नाही. "मागच्या हंगामात शेवटच्या दिवसापर्यंत सगळं झकास चालत होतं, मग आता काय बघायचं?" असं पहिल्या वर्षी मीही म्हणालो होतो. पण चार-सहा महिने एका जागी उभ्या ट्रेलरमध्ये बरंच काही चालू असतं. टायर एकाच बाजूवर दबून राहतात, बॅटरी हळूहळू उतरते, छपरावरचं फटी बुजवणारं सीलंट ऊन-थंडीनं तडकतं, गॅसच्या बर्नरमध्ये कोळी जाळं विणतो आणि गादीखाली उंदीर संसार थाटतो. म्हणून तपासताना प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारायचा: इतके महिने उभं राहून याचं काय झालं असेल?

हे काम पहिल्या सहलीच्या तीन-चार आठवडे आधी सुरू करा. टायर बदलायचे निघाले किंवा एखादा सुटा भाग मागवावा लागला तर तेवढी सवड लागते. कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. छप्पर सगळ्यात आधी, कारण तिथं सीलंट लावावं लागलं तर ते सुकायला कोरडे दिवस हवेत. पाणी गॅसच्या आधी, कारण पाणी भरल्याशिवाय गीझर पेटवून बघता येत नाही. चाकं आणि जोडणी शेवटी.

छप्पर

काही छपरं माणसाचं वजन पेलतात, काही पेलत नाहीत. ट्रेलरच्या माहितीपुस्तिकेत ते दिलेलं असतं. खात्री नसेल तर वर चढू नका, शिडी सरकवत कडेकडेनं बघा. आधी पालापाचोळा काढा आणि सौम्य साबणाच्या पाण्यानं छप्पर धुवा. रबरी छपरावर पेट्रोलियम असलेला क्लीनर वापरला तर रबर फुगतं.

आता निवांत, जवळून बघायचं. छपराची अखंड चादर क्वचितच गळते. गळतं ते कारखान्यात जिथं भोक पाडलेलं असतं तिथून: हवेची झडप, एसी, अँटेना, सांडपाण्याच्या टाक्यांचे हवेचे पाइप, शिडीचे स्क्रू, आणि पुढच्या-मागच्या कडांवरच्या पट्ट्या. या प्रत्येकाभोवती सीलंटचा जाड थर असतो. त्यावर अंगठा दाबा. चांगला थर खोडरबरासारखा दबतो आणि परत वर येतो. म्हातारा झालेला टणक लागतो, आणि त्यावर आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा दिसतात. सगळ्याच भेगा वाईट नसतात. काही नुसत्या वरच्या सालीला पडलेल्या असतात. थराच्या कडेखाली नख घालून बघा. कड उचलली गेली, तर तिथून पाणी आत जातंय असं खुशाल समजा.

आत गेलेलं पाणी सरळ खाली टपकत नाही, हा यातला सगळ्यात फसवा भाग. ते प्लायवूड आणि इन्सुलेशनमधून सरकत सरकत दोन-तीन फूट लांब जाऊन उतरतं. माझ्या पहिल्या ट्रेलरमध्ये पलंगाच्या डोक्याजवळचा कोपरा बोटानं दाबला की बिस्किटासारखा आत जायचा. मी त्या कोपऱ्याच्या बरोबर वर छपरावर दोन वेळा सीलंट थापलं. भेग होती हवेच्या झडपेच्या मागच्या कडेला, तिथून चांगली हातभर लांब. तोवर भिंतीतली लाकडी पट्टी कुजून गेली होती.

सुटलेला थर प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडून काढा. लोखंडी पट्टीनं छप्पर फाटतं. मग जागा अल्कोहोलनं पुसून कोरडी करा आणि छपराच्या प्रकाराला चालणारंच सीलंट लावा: सपाट भागावर आपोआप पसरणारं, उभ्या कडांवर न ओघळणारं. घरात बाथरूमला वापरतात तसलं सिलिकॉन मात्र हातात धरू नका. ते छपराला नीट धरत नाही, आणि त्याच्यावर पुढं दुसरं काहीच चिकटत नाही, त्यामुळे पुढच्या खेपेला त्याचा कण न् कण काढत बसावं लागतं.

खाली उतरल्यावर बाहेरच्या भिंतींकडे संध्याकाळच्या तिरप्या उजेडात कडेनं नजर टाका. कुठं फुगवटा दिसला तर आत पाणी जाऊन पत्रा प्लायवूडपासून सुटला आहे. ते घरचं काम नव्हे, कारागिराला दाखवा.

आत शिरल्यावर

दार उघडल्यावर पहिलं काम नाकाचं. कुबट वास म्हणजे ओल, उग्र वास म्हणजे उंदीर. सगळ्या खिडक्या उघडा आणि अर्धा तास बाहेर थांबा. कपाटांचे कोपरे, खिडक्यांखालच्या भिंती आणि सिंकखालची जमीन हातानं दाबत फिरा. मऊ जागा बोटांना डोळ्यांआधी सापडतात.

उंदराच्या लेंड्या दिसल्या तर झाडू आणि व्हॅक्यूम दोन्ही बाजूला ठेवा. काही जातीच्या उंदरांच्या मूत्रातून आणि विष्ठेतून हंताव्हायरस पसरतो, आणि तो शरीरात जातो उडालेल्या धुळीतून. हातमोजे घाला, एक भाग ब्लीचला नऊ भाग पाणी असं मिश्रण शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदानं पुसून पिशवीत बंद करा. उंदीर आला कुठून हे शोधायला ट्रेलरखाली आडवं व्हावं लागतं. पाइप आणि वायरा जमिनीतून वर जातात त्या भोकांमध्ये स्टील वूल कोंबून वरून फोम मारा. नुसता फोम ते कुरतडतात. जाता जाता तिथल्या वायरींचं आवरण शाबूत आहे का तेही बघून घ्या.

बाहेरचा कापडी मांडव उघडून एक दिवस उन्हात ठेवा. सरकणारी खोली असेल तर तिच्या वरचा कचरा काढून ती एकदा पूर्ण आतबाहेर करा. धूर, गॅस आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे अलार्म बटण दाबून वाजवून बघा, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. बटणानं भोंगा आणि सर्किट तपासलं जातं, आतला सेन्सर म्हातारा झाला आहे की नाही ते कळत नाही. अलार्मच्या मागच्या बाजूला तारीख असते. गॅसचा अलार्म साधारण ५ ते ७ वर्षांत बदलावा लागतो, धुराचा १० वर्षांत. अग्निशामकाचा काटा हिरव्यात हवा. शिवाय तो उलटा करून बुडावर हातानं थोपटा, कारण उभा राहून आतली पावडर तळाशी घट्ट बसते.

बॅटरी

शिशाची बॅटरी न वापरताही उतरते, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर बसतो. हा थर जुना झाला की चार्जरनं निघत नाही. मल्टिमीटर लावा. चार्जर काढल्यानंतर काही तास निवांत राहिलेली बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे. १२.१ च्या आसपास म्हणजे जवळपास अर्धी. रात्रभर चार्ज करूनही दुसऱ्या दिवशी ती १२.२ वर घसरत असेल तर तिचा निरोप घ्या.

झाकणं असलेल्या बॅटरीत प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर आधी घाला, चार्ज करा, आणि मगच खुणेपर्यंत भरा. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना आम्ल उतू जातं. टर्मिनलवरची पांढरी-हिरवट बुरशी खायच्या सोड्याच्या पाण्यानं फसफसून निघून जाते. सोडा झाकणांतून आत जाऊ देऊ नका. वायर काढताना आधी निगेटिव्ह काढायची, लावताना निगेटिव्ह शेवटी. पाना चुकून चासिसला टेकला तर ठिणगी पडू नये म्हणून हा क्रम. लिथियम बॅटरीला पाण्याची भानगड नाही, पण शून्य अंश सेल्सिअसखाली ती चार्ज करू नये.

पाणी

थंडीत पाइप फुटू नयेत म्हणून गुलाबी अँटिफ्रीझ भरलं असेल तर ते आधी धुऊन काढायचं. ट्रेलरचं अँटिफ्रीझ प्रॉपिलीन ग्लायकॉलचं असतं, विषारी नसतं, पण त्याची चव जाता जात नाही. टाकीत स्वच्छ पाणी भरा, पंप चालू करा आणि एकेक नळ, गरम आणि थंड दोन्ही, पाणी निवळ आणि बिनफेसाचं येईपर्यंत सोडा. शॉवर, कमोड आणि बाहेरच्या बाजूचा नळ विसरतो तो हमखास.

मग निर्जंतुकीकरण. बिनवासाचं साधं घरगुती ब्लीच, टाकीच्या दर लिटरमागे साधारण १ मिलिलिटर. ६० लिटरच्या टाकीला ६० मिलिलिटर. ते थेट टाकीत ओतू नका, बादलीभर पाण्यात मिसळून घाला. पाण्याच्या फिल्टरचं काडतूस त्याआधी काढून ठेवा. प्रत्येक नळातून ब्लीचचा वास येईपर्यंत पाणी सोडा, नळ बंद करा आणि कमीत कमी चार तास तसंच ठेवा. मी संध्याकाळी भरतो आणि सकाळी सोडतो. नंतर वास पूर्ण जाईपर्यंत दोन-तीन टाक्या स्वच्छ पाणी फिरवावं लागतं.

पंप चालू, सगळे नळ बंद, आणि तुम्ही गप्प: ही गळती शोधायची सगळ्यात सोपी पद्धत. पंपानं दाब भरून थांबायला हवं. दहा मिनिटांत तो आपोआप घुर्र करून पुन्हा चालू झाला तर कुठंतरी पाणी जातंय. सिंकखाली, कमोडमागे, गीझरच्या सांध्यांपाशी कोरडा कागद फिरवा. ओला झाला की जागा सापडली.

गीझरबद्दल सावकाश वाचा. थंडीआधी अँटिफ्रीझ वाया जाऊ नये म्हणून गीझरला वळसा घालणारे कॉक फिरवलेले असतात. हंगामाच्या सुरुवातीला ते परत फिरवायचे राहिले, तर नळाला पाणी व्यवस्थित येतं आणि गीझर मात्र कोरडा असतो. तशात विजेचा खटका दाबला की आतली कॉइल काही सेकंदांत जळते. मी जाळली आहे. आता मी आधी कॉक फिरवतो, गरम पाण्याचा नळ उघडतो, हवा फुरफुरून संपून अखंड धार लागली की मगच गीझरच्या खटक्याकडे हात नेतो. पोलादी टाकीच्या गीझरमध्ये एक अ‍ॅनोड दांडा असतो. टाकी गंजू नये म्हणून तो स्वतः झिजतो. गीझर थंड असताना आणि दाब सोडल्यावर तो काढून बघा. तीन चतुर्थांश झिजला असेल तर नवा घाला. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीला हा दांडा नसतो, शोधत बसू नका.

बाहेरच्या नळाला ट्रेलर जोडताना मध्ये दाब कमी करणारा रेग्युलेटर लावा. ट्रेलरच्या पाइपांना साधारण ४० ते ६० पीएसआय दाब मानवतो, आणि पुढच्या नळाला किती असेल याचा भरवसा नसतो.

गॅस

सिलिंडरचा कॉक अगदी हळू उघडा. झटक्यात उघडला तर गळती झाली असं समजून सुरक्षा झडप वाट अडवते, आणि शेगडी का पेटत नाही म्हणून माणूस डोकं खाजवत बसतो. सिलिंडरपासून शेवटच्या उपकरणापर्यंत हात पोचेल त्या प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावा आणि बुडबुडे वाढतात का बघा. काडी ओढून कधीच बघू नका. रबरी नळी बोटांत वाकवून बघा. भेग दिसली तर नळी बदलायची, चिकटपट्टी गुंडाळायची नाही.

पहिल्यांदा शेगडी पेटवा, म्हणजे नळीत अडकलेली हवा निघून जाईल. ज्योत निळी आणि स्थिर हवी. पिवळी, लपलपणारी ज्योत दिसली तर बर्नरला हवा कमी पडते आहे, आणि हंगामाच्या सुरुवातीला त्याचं कारण बहुतेक वेळा कोळी किंवा कुंभारमाशी असते. कुंभारमाशी गीझरच्या आणि हीटरच्या बाहेरच्या जाळीतून आत जाऊन मातीचं घर बांधते. गॅस बंद करून, सगळं थंड असताना, बर्नरची नळी मऊ ब्रशनं साफ करा. धूर बाहेर जायची वाट अडलेली असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत साठतो, म्हणून हे काम टाळायचं नाही.

गॅसवर चालणारा फ्रिज मात्र घाईचा गडी नाही. त्यात कॉम्प्रेसर नसतो, उष्णतेनं अमोनियाचं द्रावण फिरतं, आणि ते उताराच्या भरवशावर. ट्रेलर समतल नसेल तर तो थंड करत नाही, उलट खराब होतो. आधी समतल करा, मग चालू करा, आणि दुसऱ्या दिवशी थर्मामीटर ठेवून निकाल बघा.

चाकं

ट्रेलरचे टायर गोटा व्हायच्या आत म्हातारे होतात. बटणं नवीकोरी दिसतात म्हणून फसू नका. टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ असेल तर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला टायर. पाच-सहा वर्षं झाली की बदलावा हे बरं. बाजूला बारीक भेगा किंवा फुगवटा दिसला तर वय विचारूही नका. स्टेपनीचंही वय बघा, ती बऱ्याचदा सगळ्यांत जुनी असते. हवा सकाळी, टायर थंड असताना, ट्रेलरवर चिकटवलेल्या तक्त्याप्रमाणे भरा. तापमान साडेपाच अंश सेल्सिअसनं उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयनं उतरते, म्हणून थंडीनंतर सगळ्याच टायरांत ती कमी सापडते.

आता बेअरिंग. उत्पादक साधारण वर्षातून एकदा किंवा १६ ते १९ हजार किलोमीटरला ग्रीस बदलायला सांगतात. काही ट्रेलरांना सीलबंद बेअरिंग असतात, ती उघडायची नसतात. पुस्तिकेत खात्री करा. समतल, टणक जागेवर ट्रेलर गाडीला जोडून उभा करा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, आणि जॅक चासिसच्या मुख्य बीमखाली लावा, अ‍ॅक्सलच्या नळीखाली नाही. कोपऱ्यांतले स्टॅबिलायझर जॅक फक्त डुगडुग थांबवायला असतात, त्यांनी ट्रेलर उचलू नका.

चाक हवेत आलं की हातानं फिरवा आणि कान द्या. हलकी, सारखी सळसळ चालेल. खरखर, कचकच किंवा मध्येच अडखळणं चालणार नाही. मग चाक वर आणि खाली, घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. ढिलेपणा जाणवला किंवा आवाज वाईट होता, तर हब, म्हणजे चाकाच्या मध्यातला बेअरिंग बसवलेला भाग, उघडायचाच. टोपी काढा, नट सुटू न देणारी कॉटर पिन सरळ करून ओढा, खाचांचा नट सोडा आणि हब सरळ बाहेर ओढा. पुढचं बेअरिंग तळहातावर येतं. जुनं ग्रीस बोटांत चोळून बघा. मधासारखं आणि एकजीव असेल तर ठीक. दुधाळ असेल तर पाणी गेलं आहे, आणि चमचमतं असेल तर ते धातूचे कण आहेत. बेअरिंग धुऊन वाळवा. रोलरवर निळा डाग, खड्डा किंवा ओरखडा दिसला तर बेअरिंग आणि त्याची बाहेरची रिंग दोन्ही बदला.

नवं ग्रीस भरायला तळहातासारखं यंत्र नाही. डाव्या तळहातावर ग्रीसचा गोळा घ्या आणि बेअरिंगची रुंद कड त्यात खुपसून स्वतःकडे ओढा, पुन्हा पुन्हा, रोलरांमधून दुसऱ्या बाजूला ग्रीसच्या अळ्या बाहेर येईपर्यंत. मग थोडं फिरवून पुढचा भाग. जुनं आणि नवं वेगळ्या प्रकारचं ग्रीस मिसळू नका, मागचं तेल-सील नवंच घाला, आणि ब्रेकच्या शूला ग्रीसचं बोट लागू देऊ नका. नट कसताना चाक फिरवत आधी घट्ट करा, मग हब न हलवता सैल करा, आणि शेवटी नुसत्या बोटांनी टेकेल एवढाच कसून नवी कॉटर पिन घाला. घट्ट म्हणजे चांगलं हा समज इथं महागात पडतो: जास्त कसलेलं बेअरिंग तापतं आणि रस्त्यात जाम होतं. हे वाचून हात आखडत असतील तर पहिल्या वर्षी मेकॅनिककडून करून घ्या, पण शेजारी उभं राहून बघा.

जोडणी आणि वजन

कपलरवर, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाच्या, गाडीमागच्या गोळ्यावर बसणाऱ्या जोडावर, गोळ्याचं माप कोरलेलं असतं. गाडीवरचा गोळा नेमका तेवढाच हवा. गोळ्याला थोडं ग्रीस लावतात, पण कपलरमध्ये घर्षणाचे पॅड असतील तर गोळा कोरडा ठेवायचा. जोडून खटका बसला की पुढच्या जॅकनं ट्रेलरचं पुढचं टोक थोडं उचला. गाडीची मागची बाजूही बरोबर उचलली गेली तर जोडणी पक्की. साखळ्या कपलरखाली एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे जोडणी सुटलीच तर पुढचा दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांच्या झोळीत पडेल. दिवे दोघांनी तपासा. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणाऱ्या खटक्याची पिन ओढून बघा, ब्रेक धरतात याची खात्री करा आणि ती लगेच परत बसवा. तशीच राहिली तर बॅटरी उतरते आणि ब्रेकचे चुंबक तापतात.

सामान भरताना एक लक्षात ठेवा: कपलरवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हवा. जड सामान मागे रचलं की पुढचा भार कमी होतो आणि वेगात ट्रेलर शेपटीसारखा वळवळायला लागतो. पाणी लिटरला एक किलो. १५० लिटरची भरलेली टाकी म्हणजे १५० किलो. भरलेला ट्रेलर एकदा वजनकाट्यावर नेऊन या, अंदाज किती चुकतात ते कळतं.

पहिली रात्र घराजवळ

सगळं झालं की एक रात्र ट्रेलर घरासमोर लावून त्यातच काढा. घरात पळायचं नाही. स्वयंपाक तिथंच, अंघोळ तिथंच. कुठला दिवा लागत नाही, कुठला नळ टिपकतो, कुठलं झाकण हरवलं, हे सगळं त्या एका रात्रीत बाहेर येतं. उशाशी वही ठेवा.

आणि खऱ्या सहलीला निघाल्यावर पहिला थांबा चहासाठी नाही. ८० ते १०० किलोमीटर झाले की बाजूला घ्या, टॉर्क रेंचनं चाकांचे नट पुस्तिकेतल्या मापाला पुन्हा कसा, आणि प्रत्येक हबजवळ हात न्या. सगळे सारखेच कोमट लागले तर पुढं चला. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल, तर तिथंच थांबा आणि ते चाक उघडल्याशिवाय हलू नका.